वह्या वाटता ते ठीक, पण मागच्या दाराची किल्ली कुठंय?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, माझा पर्स आणि पिशव्या शिवायचा छोटा कारखाना आहे. आत 14 माणसं, शिवाय सात-आठ बायका घरी बसून हँडल आणि गोंडे करून देतात. मी दरवर्षी शाळेला वह्या देतो, दोन मुलांची फी भरतो. कारागिरांना अडीनडीला उचल देतो, एक पैसा व्याज घेत नाही. आता एका नवीन बायरने चार पानी फॉर्म पाठवलाय, वर लिहिलंय 'सामाजिक जबाबदारी', आणि आत विचारलंय की आग लागली तर बाहेर पडायला दुसरं दार आहे का, ओव्हरटाइम किती, केमिकल कुठलं, लहान मुलं कामाला आहेत का. आमचं मागचं दार कुलूपबंद असतं कारण माल चोरीला जायचा. मेहुणा म्हणतो सगळीकडे 'हो' वर टिक मार, सगळे तेच करतात. पुतणी म्हणते काका, वह्या नंतर वाटा आधी ते दार उघडा. मला फार लागलं ते. मी लहान माणूस, बायर तीन-तीन महिने पेमेंट लटकवतो, मोठ्या कंपन्यांची ही थेरं माझ्यावर कशाला? फॉर्म भरू की नको?"
– एक छोटा कारखानदार

दादा,

पुतणी बरोबर आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत धाकधूक नको. पण तुम्हाला जे लागलं तेही खोटं नाही, कारण इतकी वर्षं तुम्ही जे करत आलात ते कुणी विचारलं नाही आणि आता कुणीतरी लांब बसून चार पानांवर तुमची परीक्षा घेतंय, आणि ती परीक्षा घेणारा स्वतः मात्र पेमेंट वेळेवर देत नाही. राग येणारच. मलाही आला असता.

आधी हा शब्दाचा घोळ बघू. सामाजिक जबाबदारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर देणगीच का येते? वह्या, फी, रक्तदान, झाडं, स्टेजवर हार आणि फोटो. याला एक कारण म्हणजे कायद्यानेसुद्धा हा शब्द तसाच वापरलाय. भारताचंच घ्या, 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 135 आहे, ज्या कंपनीची नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांच्या वर आहे तिने मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे. आणि त्याच्या नियमांत गंमत अशी आहे की फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी केलेला खर्च त्यात धरतच नाहीत. हिशोबाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे हो, नाहीतर लोक पगारच या सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) खर्च म्हणून दाखवतील, पण त्यामुळे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की जबाबदारी म्हणजे गेटच्या बाहेर काहीतरी चांगलं करणं. गेटच्या आतलं काय, तर तो धंदा.

तुम्ही या आकड्यांच्या जवळपास पण नाही, त्यामुळे "हे मोठ्यांचं" असं वाटणं साहजिक आहे. पण 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी धंदा आणि मानवी हक्क यावर जी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली त्यात साफ लिहिलंय की ही जबाबदारी प्रत्येक धंद्याची, आकार कितीही असो, फक्त ती पार पाडायची पद्धत आकाराप्रमाणे बदलेल. म्हणजे तुम्ही अहवाल छापायची गरज नाही, वेगळा ऑफिसर नेमायची गरज नाही, पण तुमच्या धंद्यामुळे कुणाला इजा होते का हे बघणं तुम्हाला चुकलेलं नाही. आणि खरं सांगू, गरीब देशांत हा प्रश्न मोठ्या कंपन्यांपेक्षा तुमचाच जास्त आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2018 मध्ये हिशोब मांडला होता की जगात सुमारे 200 कोटी माणसं असंघटित कामात आहेत, एकूण कामकऱ्यांच्या 60 टक्क्यांहून जास्त. म्हणजे जगातल्या बहुतेक कामगाराचा मालक हा काचेच्या बिल्डिंगमध्ये बसलेला नसतो, तो तुमच्यासारखा शेजारच्या टेबलावर कापड कापत असतो, नाहीतर मग कामगार स्वतःच स्वतःचा मालक असतो.

आता दार.

2012 च्या सप्टेंबरमध्ये कराचीत अली एंटरप्रायझेस नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली आणि 250 हून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज, बाहेर पडायची दारं बंद. आठ वर्षांनी तिथल्या कोर्टाने सांगितलं की आग खंडणीसाठी लावलेली होती, दोघांना शिक्षा पण झाली. म्हणजे आग मालकाने लावली नव्हती. पण इतकी माणसं बाहेर का पडू शकली नाहीत याचं उत्तर आग कुणी लावली यात मिळत नाही. आणि आता हे ऐका, त्या कारखान्याला आगीच्या काही आठवडे आधीच कामगारांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट मिळालं होतं. कागदावर सगळीकडे 'हो' होतं. तुमचा मेहुणा म्हणतो ना टिक मार, तर ते हेच.

तुम्ही म्हणाल आमचे 14 जण, आमच्याकडे कुठे इतकी माणसं. पण दादा, 14 माणसांना पण एकच दार असेल आणि आग त्या दाराशीच लागली तर? तुमच्याकडे चिकटवायचं सोल्युशन आहे, फोम आहे, रेक्झिन आहे, कापडाचे ढीग आहेत. रेक्झिन पेटल्यावर आधी धूर येतो, काळा, आणि त्या धुरात माणूस किल्ली शोधत बसत नाही. किल्ली कुठे असते हो तुमच्या दाराची? गल्ल्यात? तुमच्या खिशात? तुम्ही वसुलीला गेलात की ती पण वसुलीला जाते का?

हे मी उगाच विचारत नाहीये. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता, पाच माणसं. भिंतीवर प्रथमोपचाराची पांढरी पेटी होती आणि तिला एक बारकं कुलूप, कारण लोक कापूस आणि पट्ट्या घरी नेतात म्हणे. किल्ली वडिलांकडे. एक दिवस वडील बाहेर गेलेले आणि कटिंग मशीनवर एकाचं बोट सापडलं. लोक पेटीकडे धावले, कुलूप, मग कुणीतरी पाना घालून ते तोडलं तर आत काय, वाळून दगड झालेली मलमाची ट्यूब आणि दोन वर्षांपूर्वीची शाईची बिलं. शेवटी बोटाला मशीन पुसायचं फडकं गुंडाळून नेलं त्याला. आता सांगायचं म्हणजे माझे वडील वाईट माणूस अजिबात नव्हते, त्याच कामगाराच्या मुलीच्या लग्नाला त्यांनी मागितले त्याहून जास्त पैसे दिले होते. पण पट्टी चोरीला जाईल ही भीती त्यांच्या डोक्यात पहिली आली आणि बोट कापेल ही आलीच नाही. तुमच्या दाराचं पण तेच झालंय.

चोरीवर दुसरे उपाय आहेत. दाराला बाहेरून हँडलच ठेवू नका, आतून नुसती ढकलली की उघडेल अशी आडवी कडी मिळते ती बसवा, आणि वर एक साधा अलार्म लावा जो दार उघडलं की कोकलेल. माल घेऊन कुणी त्या दाराने गेलं तर सगळ्या गल्लीला कळेल. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, कारण घाबरलेली माणसं दाराला चिकटली की आत उघडणारं दार उघडतच नाही. आणि दारासमोर पार्सलचे खोके रचायचे नाहीत, ही गोष्ट सांगायला सोपी आणि पाळायला सगळ्यात अवघड, कारण जागा नसते आणि ऑर्डर निघायच्या दिवशी तोच एक कोपरा रिकामा दिसतो. तिथे जमिनीवर पिवळा पट्टा मारून घ्या आणि सगळ्यांना सांगून ठेवा की या पट्ट्यात खोका दिसला तर तो मालकाचा असला तरी उचलून बाहेर ठेवायचा.

सोल्युशनचं आता. हा विषय तुम्ही पत्रात एका शब्दात संपवलाय, "केमिकल", पण मला विचाराल तर दाराइतकाच हा मोठा आहे, फक्त तो हळूहळू मारतो म्हणून दिसत नाही. 1970 च्या दशकात इस्तंबूलमध्ये मुझफ्फर अक्सॉय नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की रक्ताच्या कॅन्सरचे पेशंट येतायत त्यात चपला-बूट बनवणारे कारागीर फार आहेत. हे सगळे छोट्या, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत काम करणारे, आणि जे सोल्युशन ते वापरत त्यात बेंझीन होतं. पुढे तिथे बेंझीनवाली सोल्युशनं बंद होत गेली तसे असे पेशंट पण कमी झाले. कारागीर तोच, काम तेच, खोली तीच, फक्त डबा बदलला. आजकालच्या डब्यांत बेंझीन मुद्दाम टाकत नसले तरी टोल्युइन आणि हेक्झेन असतात, हेक्झेनने हातापायाच्या नसा जातात, आधी मुंग्या येतात मग पकड सुटते. तुमच्याकडे कुणी "हातात जोर राहिला नाही" म्हणतंय का, त्याला वयावर ढकलू नका.

करायचं काय तर डब्याचं तोंड लहान ठेवा, रुंद तसराळ्यात ओतून ब्रश बुडवायची सवय असेल तर ती मोडा, काम नसेल तेव्हा झाकण. छताचा पंखा वास फक्त खोलीभर फिरवतो, भिंतीत बाहेर फेकणारा पंखा हवा आणि तो शक्यतो खाली, कारण या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत साठतात, आणि तुमचे चिकटवणारे कारागीर बहुतेक खालीच बसलेले असणार. शिवाय या वाफा पेट घेतात. म्हणजे फिरून परत आपण त्या दाराशीच आलो.

आता उचल. इथे तुम्हाला माझं म्हणणं आवडणार नाही.

बिनव्याजी उचल देता, चांगली गोष्ट, खरंच चांगली, बँक ज्याला दारात उभं करत नाही त्याला तुम्ही रात्री अकरा वाजता पैसे काढून देता हे मला माहितेय. पण एक प्रश्न विचारते. ज्याच्यावर सगळ्यात जास्त उचल आहे तो कारागीर उद्या म्हणाला की मला दुसरीकडे जास्त पगार मिळतोय, मी जातो, तर तुम्ही काय म्हणाल? "आधी पैसे फेड मग जा" असंच ना? मग ती उचल मदत आहे की दोरी? दोरीसुद्धा मऊ असू शकते. आणि ज्याच्या गळ्यात ती आहे तो ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही, पगार उशिरा झाला तरी तोंड उघडत नाही, खाडा धरला तरी गप्प बसतो. तुम्हाला वाटतं माणूस किती गुणी आहे. कर्जापायी माणूस कामाला बांधून ठेवणं याला 1956 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गुलामीच्याच रांगेत बसवलंय, आणि तिथपर्यंतचा रस्ता बहुतेक वेळा अशाच चांगल्या मनाच्या, व्याज न घेणाऱ्या उचलीपासून सुरू होतो. वीटभट्ट्यांवर बघा. मी तुम्हाला भट्टीवाल्याच्या शेजारी बसवत नाहीये, पण रस्ता तोच आहे एवढं सांगतेय.

म्हणून उचलीला मर्यादा घाला, एका पगाराइतकी समजा, त्याच्यावर नाही. प्रत्येकाची वेगळी छोटी वही, त्यात तारीख, रक्कम, किती कापले, दोघांच्या सह्या, आणि वही त्याच्याकडे, तुमच्याकडे कॉपी. दर महिन्याला कापायचे ते इतकेच की उरलेल्यात घर चालेल. आणि पहिल्या पानावर लिहून टाका की बाकी राहिली तरी काम सोडता येईल, बाकी हप्त्याने द्यायची. एखादा बुडवेल. बुडवू दे. जो माणूस जाऊ शकतो आणि तरी राहतो तोच तुमचा खरा कारागीर, बाकीचे अडकलेत म्हणून आहेत.

आणि पगाराची तारीख. पत्रात तुम्ही पगाराबद्दल काहीच लिहिलं नाहीये आणि बायर तीन महिने पैसे देत नाही हे मात्र दोनदा लिहिलंय (एक ठिकाण मी वर कापलं), त्यावरून मला अंदाज आला. पगार पुढे-मागे होतो ना? जे पैसे शाळेच्या वह्यांना जातात ते आधी एका वेगळ्या खात्यात टाका, एक महिन्याचा पगार साठेपर्यंत. त्या वर्षी शाळेला नाही म्हणा. शाळेचे सर नाराज होतील, स्टेजवरची खुर्ची जाईल, पण 14 घरांत महिन्याची तारीख पक्की होईल. मला वाटतं तुमच्या कारागिरांना विचारलंत की वह्या वाटू की 5 तारखेला पगार करू, तर कुणाला विचार करायला सेकंद पण लागणार नाही. आणि मजा म्हणजे त्या वह्या ज्या शाळेत वाटता त्यात तुमच्याच कारागिरांची पोरं असतील, म्हणजे त्यांच्याच बापाचे पैसे तुम्ही त्यांना वही म्हणून देताय. कडू आहे, पण लिहिलं.

घरी काम करणाऱ्या बायकांचं मात्र घाईने काही करू नका. फॉर्ममध्ये लहान मुलांचा प्रश्न आहे आणि तुम्हाला माहितेय की गोंडे आई एकटी करत नाही, पोरं पण हात लावतात. पहिला विचार येईल की हे काम बंदच करू, आत आणू, झंझट नको. थांबा. पाकिस्तानात सियालकोटला फुटबॉल असेच घरोघर शिवले जायचे, पोरं शिवायची, जगभर बोंब झाली आणि 1997 मध्ये तिथली व्यापाऱ्यांची चेंबर, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून करार केला, त्यानंतर शिवण घरातून उचलून सेंटरमध्ये नेली गेली म्हणजे तपासता येईल. पोरं बरीच सुटली. पण ज्या बायका घर सोडून सेंटरला जाऊ शकत नव्हत्या त्यांचं काम गेलं, ते कुणी मोजायला बसलं नाही लवकर. त्याच्या आधी बांगलादेशात, मुलांकडून बनवलेला माल अडवणाऱ्या अमेरिकेच्या एका विधेयकाच्या नुसत्या भीतीने कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना एका झटक्यात काढलं, 1993 च्या सुमारास, आणि त्यातली किती तरी शाळेत न जाता खडी फोडायला, रस्त्यावर, याहून वाईट कामाला लागली.

म्हणून आधी तुमचा पीस रेट बघा. एक दिवस स्वतः घड्याळ लावून बसा, नाहीतर पुतणीला बसवा, एका चांगल्या हाताच्या बाईचे तासाला किती गोंडे होतात ते मोजा, आणि गुणाकार करा. आत बसणाऱ्या कारागिराला तासाला जे पडतं त्याच्या निम्मं पण निघत नसेल तर पोर हात का लावतंय याचं उत्तर मिळालं. रेट वाढवा, शाळेच्या वेळेत पोरं बसणार नाहीत हे त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि सोल्युशनचं कुठलंच काम घरी पाठवू नका, ते मात्र आजपासूनच. संध्याकाळी रिकाम्या वेळात बहिणीने दोन गोंडे ओवले याला सहसा कुणी बालमजुरी म्हणत नाही. शाळा बुडते का, काम धोक्याचं आहे का, हे बघतात.

आता फॉर्म. भरा. पण मेहुण्याला लांब ठेवून भरा.

जिथे 'हो' आहे तिथे हो. जिथे 'नाही' आहे तिथे नाही, आणि पुढे लिहा की अमुक तारखेपर्यंत होईल. याला बायर लोक करेक्टिव्ह ॲक्शन प्लॅन म्हणतात, त्यांच्याकडे त्यासाठी वेगळा कागद पण असतो, म्हणजे "आज नाही पण करतोय" हे उत्तर त्यांच्या सिस्टीममध्ये बसतं. खोटं 'हो' लिहिलंत आणि उद्या कुणी बघायला आलं तर ऑर्डर जाईल, आणि कुणी आलंच नाही आणि आग लागली तर तुमच्या सहीचा तो कागद सगळ्यात आधी बाहेर येईल. मोठा बायर वकील लावून सुटतो, त्याच्याकडे तुमची लेखी 'हो' असते ना. तो फॉर्म निम्मा त्याच्यासाठीच असतो.

म्हणूनच तुमचीपण एक अट त्यात घाला. मागच्या दाराची कडी, पंखा, वाढलेला पीस रेट याचा खर्च मांडा आणि लिहा की हे करायला पेमेंट 30 दिवसांत हवं, किंवा ऑर्डरबरोबर थोडा ॲडव्हान्स. नाही म्हणतील, बहुतेक. तरी लिहा. 2020 च्या मार्चमध्ये बांगलादेशात बघितलंच जगाने, परदेशी ब्रँडांनी सुमारे 3 अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या नाहीतर अडकवून ठेवल्या, माल कापून शिवून तयार असलेल्या सुद्धा, आणि हेच ब्रँड आदल्या महिन्यापर्यंत कारखान्यांकडून जबाबदारीचे फॉर्म भरून घेत होते. तुमचा बायरवरचा राग बरोबर जागी आहे. फक्त तो राग घेऊन तुम्ही खाली बसलेल्या माणसावर काढताय, वर पाठवत नाही आहात. राणा प्लाझा आठवतं? 24 एप्रिल 2013, ढाक्याजवळच्या सावर गावात कपड्यांच्या कारखान्यांची ती इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते, त्याच इमारतीतल्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, आणि वरच्या मजल्यांवरच्या शिलाईवाल्यांना मात्र ऑर्डर उशीर होईल म्हणून दुसऱ्या दिवशी आत बोलावलं, आला नाहीत तर पगार कापू म्हणून दम दिला असं वाचलेल्यांनी सांगितलं. 1100 हून जास्त माणसं मेली. घाई बायरची होती, दम मॅनेजरचा होता. दोघांपैकी एकाचं नाव घेतलं म्हणून दुसरा सुटत नाही.

जाता जाता एक सावधगिरी, कारण असा फॉर्म आला की मागोमाग कन्सल्टंट येतात. कुणी म्हणालं की तुम्हाला आयएसओ 26000 चं सर्टिफिकेट काढून देतो, तर त्याला चहा न पाजता घालवा. 2010 साली निघालेलं ते सामाजिक जबाबदारीचं स्टँडर्ड फक्त मार्गदर्शनासाठी आहे, त्याचं सर्टिफिकेट असा प्रकारच नाही, आयएसओनेच तसं सांगितलंय. तेवढ्या पैशात दोन पंखे येतील.

राहिलं मेहुण्याचं "सगळे तेच करतात". हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण तुम्ही एकट्याने रेट वाढवला आणि पलीकडच्या कारखान्याने नाही वाढवला तर ऑर्डर तिकडे जाऊ शकते, हे खरं आहे. बांगलादेशात हळदीचं असंच झालं होतं. हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून छोटे व्यापारी आणि पॉलिश करणारे त्यात लेड क्रोमेट घालायचे, म्हणजे सरळ शिसं, रंगात वापरतात ते. एकाने घातलं की न घालणाऱ्याची हळद फिकी दिसते आणि पडून राहते, मग तो पण घालतो. अनेकांना ते विष आहे हे धड माहीतही नव्हतं. 2019 मध्ये संशोधकांनी हे शोधून काढलं, सरकारने पत्रकं वाटली, घाऊक बाजारात मशीन घेऊन जाऊन तिथल्या तिथे हळद तपासली, दंड केले, आणि हे सगळ्यांना एकदमच लागू झालं. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडायचं, 2021 मध्ये एकातही नाही. दोन वर्षांत. कारण कुणा एकट्याला चांगलं वागून तोटा सोसावा लागला नाही.

तर तुमच्या लाइनमधले जे पाच-सहा पर्सवाले आहेत, त्यांना एकदा बोलवा. तुम्ही एकमेकांचे रेट चोरता, कारागीर पळवता, मला माहितेय, तरी बोलवा. गोंड्याचा पीस रेट याच्या खाली कुणीच जायचं नाही आणि त्या एका सोल्युशनच्या ब्रँडऐवजी दुसरं सगळ्यांनी मिळून घाऊक आणायचं, एवढ्या दोनच गोष्टी बोला. पहिल्या मीटिंगला दोन जण येतील, त्यातला एक नुसता बातमी काढायला येईल. चालतं.

वह्या पुढच्या वर्षी द्या, पगाराचा साठा झाल्यावर. बंद करा असं मी म्हटलेलं नाही.

आणि पुतणीला काहीतरी कामाला लावा, नुसती बोलत राहिली तर घरात भांडणं होतील. तिला सांगा तुझं दार, तूच बघ, कडी कुठे मिळते, किती लागतात, सुतार कधी येतो. सोल्युशनच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून मला पाठवायचं काम पण तिलाच द्या, समोरून नको, मागून, जिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी वाचून कळवते काय आहे त्यात. आणि लेबलच नसलेला, सुट्टा भरून आणलेला डबा असेल तर फोटो काढायच्या भानगडीत न पडता तो आजच झाकण घट्ट लावून बाजूला काढा आणि जिथून आणला तिथे परत न्या.

– ताई